बालआरोग्य संशोधनातील भागीदारी (ठाणे – नवी मुंबई)

बालआरोग्य संशोधनातील भागीदारी : लहान मुलांच्या आजारांवर संशोधन करण्यासाठी रुग्णालय, विद्यापीठ व धर्मादाय संस्था यांनी आपापली साधने एकत्र आणून चालवलेले काम. आजारी मूल रुग्णालयात येते, प्रयोगशाळा आणि आकडेवारीचे ज्ञान विद्यापीठाकडे असते, आणि सरकारी अनुदानात न बसणारा खर्च धर्मादाय संस्था उचलतात. ठाणे खाडीच्या काठच्या या पट्ट्यात आणखी एक भागीदार धरावा लागतो, तो म्हणजे महापालिका. कोणत्या गल्लीत किती मुले आहेत हे तिच्या परिचारिका आणि आशाताईंना ठाऊक असते, आणि ही माहिती नसेल तर उत्तम प्रयोगशाळाही फारशी कामाची नाही.

नवी मुंबईतील टायफॉइड लसीकरण हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१८ मध्ये टायफॉइडच्या संयुग्मित लसीची (जंतूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून बनवलेल्या लसीची) शिफारस केली. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ही लस मोहीम म्हणून देण्याची जगातील ही पहिलीच वेळ होती. लस हैदराबादच्या भारत बायोटेकची होती. मूल्यमापनात जागतिक आरोग्य संघटनेचे भारतातील कार्यालय, अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ सहभागी झाले, आणि या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनचे अर्थसाहाय्य मिळाले.

या कामाची आखणी मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. सगळ्या शहरात एकाच वेळी मोहीम राबवणे महापालिकेला शक्य नव्हते, म्हणून दोन टप्पे करणे भागच होते. मग कोणता विभाग आधी घ्यायचा हे सोयीने किंवा वशिल्याने ठरू न देता २२ नागरी आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवड करण्यात आली आणि ११ क्षेत्रे पहिल्या टप्प्यात आली. उरलेली ११ आपोआपच तुलनेचा गट झाली. प्रशासनाची अडचण शास्त्रीय अभ्यासाच्या कामी आली, ती अशी. पहिल्या टप्प्यात १,१३,४२० मुलांना लस देण्यात आली. पात्र मुलांपैकी हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते.

पुढचे काम रुग्णालयांचे. तापाने आलेल्या मुलाला टायफॉइडच झाला आहे हे सिद्ध करणे वाटते तितके सोपे नाही. दवाखान्यांत सर्रास केली जाणारी, रक्तातील प्रतिपिंडे तपासणारी विडाल चाचणी पुरेशी विश्वासार्ह नाही. खात्रीसाठी रक्ताचे कल्चर करावे लागते, म्हणजे रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात, आणि तेही दहापैकी चारेक खऱ्या रुग्णांत जंतू दाखवत नाही. त्याआधी घरी अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या गेल्या असतील तर शक्यता आणखी कमी. म्हणून शहरातील रुग्णालयांनी तापाच्या मुलांचे नमुने एकाच शिस्तीने, महिनोन्‌महिने घेत राहणे हाच अभ्यासाचा कणा होता. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लस मिळालेल्या विभागांत कल्चरने सिद्ध झालेला टायफॉइड निम्म्याहून अधिक घटला होता. नेपाळमधील चाचणीत याच लसीने सुमारे ८० टक्के संरक्षण दिले होते. दोन आकड्यांतला फरक लसीचा दोष मानू नये. चाचणीत लस घेतलेल्या मुलाची गणती होते, इथे मात्र लस चुकलेल्या मुलांसकट सगळ्या वस्तीची झाली. शहराला उपयोगी पडणारा आकडा हा नवी मुंबईचाच.

स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण असलेल्या शहरात टायफॉइड का, असा प्रश्न पडतो. धरणातले पाणी चांगले असले तरी दिघा-तुर्भ्याच्या दाट वस्तीत ते नळापासून हंड्यापर्यंत आणि हंड्यापासून मुलाच्या पेल्यापर्यंत कसे पोहोचते, हे धरणावर ठरत नाही.

दुसरे मोठे केंद्र म्हणजे टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील कर्करोग संशोधन संस्था, अ‍ॅक्ट्रेक. सुमारे ६० एकरांचा हा परिसर २००२ पासून कार्यरत आहे. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील ही संस्था होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाशी जोडलेली असल्याने इथले संशोधक विद्यार्थी पीएच.डी.साठी तिथे नोंदणी करतात. ४ जून २०२१ रोजी इथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशातील पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती वापरली गेली. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांत जनुकीय बदल करून, कर्करोगाच्या पेशी ओळखायला त्यांना शिकवून त्या परत शरीरात सोडायच्या, असे तिचे स्वरूप आहे. पेशींची रचना पवईच्या आयआयटी मुंबईत झाली, उपचार टाटाच्या बालकर्करोग विभागातील डॉक्टरांनी केले आणि खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून आला. पुढे ‘नेक्सकार१९’ या नावाने या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटी रुपये लागणारा उपचार इथे त्याच्या दशांश किमतीच्या आसपास आला. मात्र ही मान्यता १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आहे. रक्ताचा कर्करोग मुलांत सर्वाधिक आढळतो तो दोन ते पाच या वयात, हे लक्षात घेता १५ वर्षांखालील मुलांसाठीचे काम अजून पूर्ण व्हायचे आहे, आणि ते तातडीचे आहे.

धर्मादाय संस्थांचा वाटा बहुधा देणगीच्या आकड्यांत मोजला जातो. संशोधनाच्या दृष्टीने त्यांचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. जळगाव किंवा नांदेडहून आलेल्या मजुराला इतके दिवस मुंबईत राहणे परवडत नाही आणि तो मुलाला घेऊन मध्येच गावी परततो. मूल तर जातेच, पण औषधाचा गुण आला की नाही हेही कळत नाही. टाटा रुग्णालयात एके काळी सुमारे २० टक्के मुलांचे उपचार असे अर्धवट सुटत. समाजसेवक, निवास, धान्य आणि औषधांची मदत यांची एकत्र व्यवस्था झाल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची खारघरमध्येही निवासकेंद्रे आहेत. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळते, आणि स्वयंपाकघर सामाईक असले तरी आई आपल्या हाताने भाकरी थापू शकते. अशी खोली हे संशोधनाचे साधनच होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खारघरमध्येच श्री सत्य साई संजीवनी हे बालहृदयरुग्णालय २०१८ पासून जन्मजात हृदयदोषांवर पूर्ण मोफत शस्त्रक्रिया करते व प्रशिक्षणही देते. सुनील गावसकर यांनी आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवशी इथल्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. त्यांची आंतरराष्ट्रीय शतकेही तितकीच. ठाण्याकडे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही महापालिकेचीच, म्हणजे रुग्ण आणि विद्यार्थी एकाच छताखाली आहेत.

मुलांवरील कोणत्याही अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी सहमतीही घ्यावी लागते. संमतिपत्र पालकांना समजणाऱ्या भाषेत असावे लागते. नवी मुंबईत याचा अर्थ मराठी आणि हिंदी तरी हवीच. वाचता न येणाऱ्या आईला ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवतात, आणि ‘नाही’ म्हटल्यास मुलाच्या उपचारात फरक पडणार नाही हे वाक्य त्यात असतेच. अनुभवी परिचारिका ते वाक्य दोनदा वाचतात.