निवृत्तीनंतर एकट्या माणसाला महिन्याला किती लागतील? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“पोस्टात वीस लाख टाकले तर माझं भागते का?” आमच्या कार्यालयात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणारे बहुतेक एकटे असतात: लग्न न केलेल्या बाई किंवा गुरुजी, जोडीदार गेलेले काकाजी, भावाच्या घरी राहणाऱ्या ताई. याचं उत्तर तुमच्या ठेवीत नसतं, तुमच्या खर्चात असतं. म्हणून योजनेचं नाव काढण्याआधी आम्ही खर्चाचा कागद मागतो. तो घरूनच नीट भरून आणला तर काम एका बैठकीत होतं.

निम्मा खर्च धरू नका

“भाऊ-वहिनीला चोवीस हजार लागतात, म्हणजे मला बारा.” ही चूक जवळजवळ प्रत्येक कागदावर असते आणि तिच्यापायी अख्खा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. किराणा, कपडे, औषधं निम्मी होतात. पण घरपट्टी, फ्रिज, महावितरणच्या बिलातला स्थिर आकार, पावसाळ्याआधी कवेलू फेरणं हे माणसं दोन असली काय अन् एक असला काय, तेवढंच लागतं. कूलरही एकट्यासाठी अर्धा चालत नाही. घरखर्चाची तुलना करण्याची एक रूढ पद्धत आहे: पहिल्या मोठ्या माणसाचा एक भाग, दुसऱ्याचा अर्धा. त्या पद्धतीने दोघांना 24,000 लागत असतील तर एकट्याला 16,000 लागतात, 12,000 नाही. शिवाय जोडीदार जी कामं करतो, ती एकट्याला पैसे मोजून करून घ्यावी लागतात. दवाखान्यात रात्री उशाशी बसणारा माणूससुद्धा त्यात आला.

भावाच्या घरी राहणाऱ्यांची चूक याच जातीची. “मी घरात पाच हजार देते,” एवढंच त्या लिहितात. गहू आणि तूर शेतातली, लाइट बिल भाऊ भरतो, दवाखान्यात पुतण्या गाडीने नेतो, यातलं काहीच कागदावर येत नाही. हे सगळं बाजारभावाने लिहा. घरच्यांवर अविश्वास म्हणून आम्ही हे सांगत नाही. भाऊही म्हातारा होतो, घराच्या वाटण्या होतात, आणि तोच खर्च तुमच्या सत्तरीत एकदम तुमच्यावर येऊन पडतो.

कागद असा भरा

बारा महिन्यांचा खर्च लिहा, एका महिन्याला बाराने गुणू नका. डिसेंबरचं वीजबिल पाहून वर्षाचा अंदाज बांधला की मे महिन्यात फसगत होते. कूलर चालू असताना युनिट शंभराच्या पुढे जातात आणि तिथून दरही चढतो.

समजा, साठ वर्षांच्या एका ताईंचा दरमहाचा खर्च असा आहे: दूध-भाजी-किराणा 5,500, वीज-गॅस-मोबाइल 1,800, औषधं 1,500, कामवाली 1,200, प्रवास 800, किरकोळ 1,200. बेरीज 12,000. बहुतेक जण इथेच थांबतात. आता वर्षातून एकदा येणारे खर्च पाहा: वर्षाचं धान्य, तेल, तिखट 14,000, घरपट्टी-पाणीपट्टी 3,000, कवेलू आणि कूलरची डागडुजी 9,000, लग्नं-आहेर-सण 15,000, आरोग्य विम्याचा हप्ता 25,000, दात-चष्मा-तपासण्या 6,000. हे झाले 72,000, म्हणजे महिन्याला आणखी 6,000. खरा खर्च 18,000.

वीस लाखांचं काय?

ताईंना ईपीएसची, म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफबरोबरची, पेन्शन 4,500 येते असं धरू. तूट 13,500. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 8.2 टक्के धरला तर 20 लाखांवर दर तिमाहीला 41,000 मिळतात, महिन्याला साधारण 13,667. म्हणजे आज भागतं.

अडचण पुढे आहे. महागाई सहा टक्के धरली तर भाव बारा वर्षांत दुप्पट होतात. ताई 72 च्या होतील तेव्हा खर्च 36,000 असेल. ईपीएसला महागाई भत्ता नाही, ती 4,500 वरच राहील, आणि व्याज खर्चून टाकलं की ठेवही वाढत नाही. महिन्याला सतरा-अठरा हजार कमी पडतील, तेही नेमके दवाखाना वाढण्याच्या वयात.

म्हणून आम्ही हिशेब असा करतो. ठेवीवरचं व्याज महागाई खाऊन टाकते असं समजायचं, आणि न वाढणारी पेन्शन निम्मीच धरायची. 18,000 मधून 2,250 वजा केले की 15,750 उरतात. बारा महिन्यांचे 1,89,000. वय 85 पर्यंत, म्हणजे 25 वर्षांचे, 47,25,000. वीस लाख नाही, एवढी रक्कम साठाव्या वर्षी हाती हवी. जिला महागाई भत्ता लागू आहे ती सरकारी पेन्शन मात्र पूर्ण धरा. त्यानं आकडा बराच उतरतो.

आकडा मोठा वाटला तरी एकट्या माणसाची एक बाजू भक्कम असते. मुलांसाठी मुद्दल राखायची नसेल तर ती हळूहळू खर्चून चालते. वरचा हिशेब मुद्दल संपवण्याचाच आहे. घर आणि शेत त्यात धरलेलं नाही, ते 85 नंतरसाठी राखीव. शेत ठेक्यानं दिलं असेल तर पाडव्याला येणारे पैसे वरकड समजा, कारण पाऊस दगा देतो त्या वर्षी ठेकेदारही हात आखडतो. रक्कम कमी पडत असेल तर विमा कंपनीची आजीवन वार्षिकी पाहा, म्हणजे एकरकमी पैसे भरून हयातभर मिळणारी पेन्शन. तीत मूळ रक्कम वारसाला परत न देणारा पर्याय घेतला की दरमहा जास्त मिळतात. बालबच्चेवाल्यांना आम्ही हा पर्याय सहसा सुचवत नाही, एकट्यांना सुचवतो.

आधी हिशेब, मग ठेव

काही ग्राहक सगळी रक्कम आधी अडकवतात आणि मग विचारायला येतात. ज्येष्ठ नागरिक योजना पाच वर्षांची आहे. वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याज परत कापतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कपात. मासिक उत्पन्न योजनेत तर पहिलं वर्ष हातच लावता येत नाही, आणि एकट्याच्या नावावर मर्यादा 9 लाखांची आहे. 15 लाखांची मर्यादा संयुक्त खात्याला. “एजंटला टक्के मिळतात म्हणून हे थांबवतात,” असं कोणी म्हणतं, तर ज्येष्ठ नागरिक योजनेत एजंटला कमिशन नाहीच. आम्ही हिशेबाची फी घेतो, ती आधी सांगतो आणि पावती देतो.

दोन-तीन लाख आजारपणासाठी बचत खात्यात किंवा कधीही मोडता येणाऱ्या ठेवीत वेगळे ठेवा. सत्तरी ओलांडल्यावर आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण रात्रीची भाड्याची गाडी आणि सोबतच्या माणसाची मजुरी त्यातून निघत नाही.

बक्षीसपत्राची घाई नको

“पुतण्या पाहील” म्हणून शेत त्याच्या नावावर करण्याआधी थांबा. बक्षीसपत्र झालं की शेत त्याच दिवशी गेलं. मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीदाही बदलता येतं आणि त्याला दोन साक्षीदार पुरतात. बक्षीसपत्र करायचंच असेल तर “सांभाळ करण्याच्या अटीवर” असं त्यात लिहून घ्या. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. याच कायद्यानं, मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळणार आहे, त्याच्याकडे निर्वाहखर्चही मागता येतो.

येताना खर्चाचा कागद, बारा महिन्यांची वीजबिलं, पेन्शनचा आदेश, पासबुकं, विम्याची पॉलिसी आणि सातबारा आणा. पासबुकावर वारसाचं नाव लागलेलं आहे का ते घरीच पाहून घ्या. फोनवर आकडा विचारू नका, कागद पाहिल्याशिवाय आम्ही तो सांगत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे हिशेबासाठी दुसरा दिवस धरून या.