विमानातील हलता नकाशा

विमान या क्षणी पृथ्वीच्या कोणत्या भागावर आहे, कुठल्या दिशेने निघाले आहे आणि पोहोचायला किती वेळ लागेल, हे प्रवाशांना आसनासमोरच्या किंवा केबिनमधल्या सामाईक स्क्रीनवर सतत दाखवणारी व्यवस्था. विमानाचे छोटे चित्र नकाशावर पुढे सरकत राहते, म्हणून त्याला हलता नकाशा म्हणतात. वैमानिक ज्या नकाशांवर विसंबून विमान चालवतात ते वेगळे. हा केवळ प्रवाशांच्या माहितीसाठी असतो आणि तो बंद पडला तरी उड्डाणात काही फरक पडत नाही. तरीही लांबच्या प्रवासात शेकडो चित्रपट हाताशी असताना कित्येक जण तासन्‌तास हाच नकाशा उघडा ठेवून बसतात. बंद नळीत बसून ताशी 900 किमी वेगाने जाणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळण्याचे दुसरे साधन जवळपास नसते. त्यामुळे या नकाशाकडे करमणुकीचा एक भाग म्हणून न पाहता प्रवाशाची मूलभूत गरज म्हणून पाहिले पाहिजे.

पूर्वपीठिका

नकाशा स्क्रीनवर येण्याआधी ही माहिती कागदावरून फिरत असे. वैमानिक स्थान, उंची, वेग आणि बाहेरचे तापमान एका चिठ्ठीवर लिहून देत आणि ती चिठ्ठी रांगेरांगेतून हातोहात पुढे जाई. हवाई बेटांकडे जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांत वारा, वेग आणि अंतर सांगून निम्मा पल्ला नेमका किती वाजता गाठला जाईल हे प्रवाशांना ओळखायला लावण्याचा खेळ प्रसिद्ध होता. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाच्या केबिनमध्ये पुढच्या भिंतीवर माख अंक, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किती पट वेग आहे तो आकडा, दाखवणारी पाटी होती आणि आकडा 2 च्या पुढे गेला की प्रवासी तिचे फोटो काढत.

प्रवाशांसाठीचा पहिला हलता नकाशा 1982 मध्ये आला. कॅलिफोर्नियातील एका छोट्या कंपनीने तयार केलेल्या या प्रणालीचे नाव 'एअरशो'. केएलएम आणि स्विसएअर या तिच्या सुरुवातीच्या ग्राहक कंपन्या. त्या काळी केबिनमध्ये एकच मोठा पडदा असे. चित्रपट संपला की त्यावर नकाशा लागे. काही सेकंद जगाचा नकाशा, मग खंडाचा, मग जवळचा, मग आकड्यांची पाटी असे ते चक्र फिरत राही. 1988 मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग 747 विमानांत आसनाच्या पाठीवर स्क्रीन बसवून पाहण्यात आले आणि पुढे प्रत्येकाच्या समोर स्वतंत्र स्क्रीन येत गेला. मात्र नकाशा पुष्कळ वर्षे तसाच राहिला. स्क्रीन एकेकाचा झाला तरी चक्र सर्वांसाठी एकच होते. आपल्याला हवा तो तुकडा डोळे लावून पाहायला घ्यावा, तेवढ्यात चित्र बदलून आगमनाची वेळ यावी, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना बोटाने नकाशा मोठा करता येण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

माहिती कुठून येते

नकाशा स्वतः काही मोजत नाही. उपग्रहाधारित जीपीएस, जडत्वावर चालणारी (विमानाची हालचाल आतूनच मोजून स्थान काढणारी) यंत्रणा आणि वैमानिकांचा उड्डाण-नियोजन संगणक यांच्याकडून त्याला स्थान, दिशा, वेग आणि उंची मिळते. ही माहिती बहुतेक प्रवासी विमानांत एरिंक 429 या ठरावीक पद्धतीच्या तारांवरून वाहते. या पद्धतीत एकच उपकरण बोलते आणि बाकीची ऐकतात, त्यामुळे केबिनकडून कॉकपिटकडे उलट काही जाऊ शकत नाही. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे. पण याचा अर्थ असाही की नकाशाला जेवढे ऐकवले जाते तेवढेच त्याला ठाऊक असते. वळसा का घेतला, विमान घिरट्या का घालते आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणूनच स्क्रीनवरची 'उरलेली वेळ' शेवटच्या अर्ध्या तासात फसवी ठरते. विमानतळाभोवती रांगेत थांबणे, वाऱ्यामुळे धावपट्टी बदलणे, उतरल्यावर दरवाज्यापर्यंत जाणे यांतले काहीच अनेकदा त्या आकड्यात नसते. इथे मिनिटाचा नेमका आकडा दाखवण्याऐवजी 'अमुक ते तमुक वाजेपर्यंत' असा पट्टा दाखवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आकडे वाचताना

स्क्रीनवरचे बहुतेक आकडे खरे असतात, पण ते कशाचे आहेत हे क्वचितच लिहिलेले असते. उंचीचेच पाहा. मीटरमध्ये ती बऱ्याचदा 10,668 अशी विचित्र दिसते. विमाने फुटांच्या ठरावीक पायऱ्यांवर उडतात आणि 35,000 फुटांचे मीटर 10,668 होतात, एवढेच त्यामागे आहे. शिवाय ही उंची पट्टीने मोजलेली नसते. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1013.25 हेक्टोपास्कल आहे असे गृहीत धरून, बाहेरच्या दाबावरून ती काढलेली असते. सर्व विमाने एकच गृहीतक वापरतात म्हणून ती एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर राहतात. पण हवा थंड असेल तर खरी उंची काहीशे मीटरने कमी असू शकते. उजवीकडच्या त्या '8' ला फारसा अर्थ नाही. 'सुमारे 10.7 किमी' म्हटले तर समजते आणि पुरतेही.

वेगाचा गोंधळ जास्त मोठा आहे. नकाशावरचा वेग जमिनीच्या तुलनेत मोजलेला असतो आणि विमान उडते ते हवेत. 18 फेब्रुवारी 2019 रोजी लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या बोइंग 787 ने अमेरिकेवर ताशी सुमारे 1,290 किमी वेग गाठला. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी साधारण 1,060 किमी असतो, म्हणून ते विमान ध्वनीच्या पुढे गेले असे अनेकांना वाटले. तसे झाले नव्हते. पाठीमागून जोराचा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहत होता आणि विमान त्या वाहत्या हवेत आपल्या नेहमीच्याच वेगाने उडत होते. स्क्रीनवर वाऱ्याचा बाण आणि त्याचा वेग शेजारी दाखवला असता तर कोणाचाही गैरसमज झाला नसता. जाताना आठ तास आणि येताना साडेनऊ का लागतात, याचे उत्तरही त्याच बाणात मिळते.

बाहेरचे तापमान मात्र पाहणाऱ्याला नेहमी हलवून जाते. प्रमाण वातावरणात 11 किमी उंचीवर ते उणे 56.5 अंश सेल्सिअस असते, आणि आपण हातभर अंतरावर शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेलो असतो.

वाकडी दिसणारी सरळ वाट

लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारे विमान ग्रीनलंडवर का चढते, टोकियोहून न्यूयॉर्कचा मार्ग अलास्काजवळून का जातो, हे प्रश्न नकाशा पाहणारा हमखास विचारतो. गोलावरील दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, गोलाचे बरोबर दोन भाग करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. गोल उलगडून सपाट कागदावर पसरला की तो तुकडा कमानीसारखा दिसतो. यातील बराचसा दोष मर्केटरच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या त्याच्या पद्धतीचा, आहे. 1569 मध्ये खलाशांसाठी तयार झालेल्या या पद्धतीत होकायंत्राची दिशा सरळ रेषा होते, पण ध्रुवांकडचा प्रदेश भलताच फुगतो. तिच्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. प्रवासी विमानाला आयताकृती जगाचे काहीच बंधन नाही. फिरवता येणारा पृथ्वीचा गोल दाखवला की वाट आपोआप सरळ दिसते आणि शंका उरत नाही. आताच्या त्रिमितीय नकाशांचा हा सर्वांत मोठा गुण आहे, त्यातल्या झगमगाटापेक्षा कितीतरी मोठा.

दुसरी जुनी खोड म्हणजे विमानाच्या चित्राचा आकार. 30 सेंटिमीटर रुंदीत सगळे जग मावले तर दीड सेंटिमीटरचे विमान सुमारे 2,000 किमी लांबीचे होते. त्याखाली अख्खे देश झाकले जातात आणि नेमके तेच पाहायचे असतात. विमान पोकळ रेषेत काढावे किंवा नाकाच्या टोकावर ठिपका ठेवावा, एवढा साधा उपाय पुरतो.

दिवस-रात्रीची सावली हा नकाशाचा एक सुंदर भाग. प्रकाशवृत्त, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यामधली कड, पश्चिमेकडे सरकत असते. विषुववृत्तावर त्याचा वेग ताशी सुमारे 1,670 किमी, पण 60 अंश अक्षांशावर तो निम्म्यावर, म्हणजे ताशी 835 किमीवर येतो. त्या अक्षांशावर पश्चिमेकडे जाणारे विमान सूर्याच्या बरोबरीने चालते आणि संध्याकाळ संपतच नाही. सावलीची कड आणि विमान स्क्रीनवर शेजारी शेजारी चालताना दिसले की खिडकीतल्या तांबड्या क्षितिजाचा उलगडा होतो.

खिडकी आणि नकाशा

या नकाशाची खरी उणीव इथे आहे. 'किती वेळ राहिला' या प्रश्नासाठी तो घडवला गेला. खिडकीत बसलेल्याचा प्रश्न मात्र 'ती नदी कुठली' असा असतो. 11 किमी उंचीवरून क्षितिज सुमारे 375 किमी दूर असते. पण ठीक खाली मात्र काहीच दिसत नाही, कारण तिथे विमानाचे पोट आणि पंख आड येतात. क्षितिजापासून 45 अंश खाली पाहिले तर नजर 11 किमी बाजूला पडते, 30 अंश खाली पाहिले तर 19 किमी आणि 10 अंश खाली पाहिले तर सुमारे 62 किमी. म्हणजे नकाशा विमानाच्या नाकाखालचे नाव सांगत असतो, तेव्हा प्रवासी भलत्याच ठिकाणाकडे पाहत असतो. दर मिनिटाला विमान 15 किमी पुढे जाते. नकाशा मिनिटभर मागे राहिला तरी डोंगर आणि त्याचे नाव यांची ताटातूट होते.

यावर काही प्रणालींनी डाव्या-उजव्या खिडकीतून दिसणारे दृश्य संगणकाने काढून दाखवायला सुरुवात केली. आसनाचा क्रमांक यंत्रणेला माहीतच असतो, त्यामुळे कोणती बाजू दाखवायची हे विचारावेही लागत नाही. शिखरे, सरोवरे, बेटे आणि शहरे त्यांच्या दिसण्याच्या जागी नावानिशी लिहिली की नकाशा खिडकीचा सोबती होतो. आतल्या आसनांवरच्यांसाठी तर तीच खिडकी. एअरबस ए380 च्या शेपटीवरील कॅमेऱ्याचे चित्र प्रवाशांना स्क्रीनवर पाहता येते. अशा जिवंत चित्रावर नावे उमटवणे ही पुढची स्वाभाविक पायरी आहे.

पार्श्वचित्राचीही निवड महत्त्वाची. नासाच्या 'ब्लू मार्बल' या ढगविरहित चित्रमालेत वर्षाच्या बारा महिन्यांची बारा चित्रे आहेत आणि एका बिंदूत 500 मीटर जमीन मावते. जानेवारीत उडताना जानेवारीचे चित्र वापरले तर बर्फ जिथे असायला हवा तिथेच दिसतो. रात्रीसाठी 2012 मध्ये सुओमी एनपीपी उपग्रहावरून तयार झालेले शहरांच्या दिव्यांचे चित्र आहे. अंधारात खाली दिसणारे प्रकाशाचे पुंजके ओळखायला त्याच्याइतका उपयोगी नकाशा नाही, तरी कित्येक विमानांत रात्रीच्या जगावर नुसता निळसर काळोख ओतलेला असतो.

समुद्रावर हा प्रश्न वेगळा. सहा तास निळाई पाहून काय करायचे? समुद्रतळाच्या पर्वतरांगा आणि दऱ्या दाखवणे हा चांगला मार्ग आहे. मध्य अटलांटिक पर्वतरांग ओलांडताना कळली तर तो क्षण लक्षात राहतो. जुन्या नकाशांवर टायटॅनिकसारख्या बुडालेल्या जहाजांच्या जागाही असत. इतिहासाची आवड असलेल्यांना ते रुचले, पण आधीच धास्तावलेल्या माणसाला पाण्याच्या मधोमध दुर्घटनेचे नाव दिसणे बरे नाही. अशी माहिती विचारल्यावर मिळावी, आपणहून समोर येऊ नये.

नावे आणि सीमा

आकाशातील नकाशाला जमिनीवरची भांडणे चुकत नाहीत. फेब्रुवारी 2010 मध्ये इराणच्या वाहतूकमंत्र्यांनी इशारा दिला, की केबिनमधल्या स्क्रीनवर 'पर्शियन आखात' हे नाव न वापरणाऱ्या परदेशी विमान कंपन्यांना इराणच्या हवाई हद्दीत येऊ दिले जाणार नाही. आखाताच्या दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच पाण्याला अरबी आखात म्हणतात. जपान आणि कोरिया यांच्यामधील समुद्राच्या नावाचाही असाच वाद आहे. वादग्रस्त सीमा प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार वेगळ्या काढाव्या लागतात आणि विमान तर दिवसात तीन देश ओलांडते. त्यामुळे नकाशे बनवणाऱ्यांना एकाच प्रदेशाच्या अनेक आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, किंवा नावच गाळावे लागते.

लिपीचा प्रश्न याहून कमी गाजतो, पण रोजचा आहे. अरबी उजवीकडून डावीकडे वाचली जाते, देवनागरीत जोडाक्षरे घडवावी लागतात आणि जुन्या स्क्रीनवरील सॉफ्टवेअरला हे नीट जमत नाही. शहराचे नाव मोडक्या अक्षरांत दाखवण्यापेक्षा ते न दाखवलेले बरे, असे म्हणण्याची वेळ येऊ नये.

चुकीचे स्थान

2023 नंतर पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात खोट्या जीपीएस सिग्नलांचा उपद्रव वाढला. हवेत असलेल्या अनेक विमानांच्या उपकरणांना आपण बैरुत विमानतळावर आहोत असे भासवले गेले. वैमानिकांकडे जडत्वीय यंत्रणा आणि जमिनीवरील रेडिओ केंद्रे असतात, त्यामुळे ते पडताळून पाहू शकतात. प्रवाशाकडे फक्त नकाशा असतो. विमान एकाएकी दोनशे किमी उडी मारताना दिसले तर त्याने काय समजायचे? स्थान खात्रीचे नसेल तेव्हा विमानाचे चित्र फिकट करून 'स्थान तात्पुरते उपलब्ध नाही' असे लिहिणे हीच योग्य रीत आहे.

सर्वांसाठी नकाशा

हिरव्या जमिनीवर लाल मार्गरेषा ही जोडी अनेक नकाशांत आढळते. लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्या प्रवाशांना ती रेषा दिसतच नाही. मार्गाला पांढरी कड दिली की काम भागते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 असा फरक हवा, हा संकेतस्थळांसाठी रूढ झालेला दंडक इथेही लागू करावा, कारण अंधाऱ्या केबिनमधला आणि उन्हाची तिरीप पडलेला स्क्रीन दोन्ही वाचता आले पाहिजेत. दृष्टिहीन प्रवाशासाठी नकाशा बोलका असावा लागतो. 'आपण आता विषुववृत्त ओलांडले', 'उजवीकडे किनारा सुरू झाला', 'वार रेषा ओलांडली, तारीख बदलली' अशी वाक्ये हेडफोनवर, मागितल्यावर. स्थान, वेळ आणि दिशा ही माहिती यंत्रणेकडे आधीपासूनच असते, तिचे फक्त शब्द करायचे असतात.

ज्या विमानांत स्क्रीनच नाहीत तिथे नकाशा प्रवाशाच्या फोनवर विमानातील वायफायमधून दाखवला जातो. फोनमधला जीपीएस केवळ ऐकणारा असल्यामुळे एअरप्लेन मोडमध्येही चालू शकतो. अनेक नागरी जीपीएस उपकरणांवर असणारी 18,000 मीटर उंची आणि 1,000 नॉट (ताशी सुमारे 1,850 किमी) वेगाची मर्यादा प्रवासी विमान ओलांडत नाही. नकाशा आधी उतरवून घेतलेला असावा आणि फोन खिडकीच्या काचेला टेकवून धरावा लागतो. मधल्या आसनावर बसलेल्याला उपग्रह सहसा सापडत नाहीत, त्याच्यासाठी विमानाचा स्वतःचा नकाशाच हवा.