हार्ड डिस्क कंट्रोलर विसंगती : जुन्या वैयक्तिक संगणकांतील

हार्ड डिस्क कंट्रोलर विसंगती म्हणजे डिस्क आणि संगणक दोन्ही धडधाकट असूनही त्यांचे एकमेकांशी न जमणे. संगणक सुरू केल्यावर डिस्क दिसतच नाही, दिसली तर कमी क्षमतेची दिसते, किंवा सगळे ठीक दिसून फाइली मात्र खराब निघतात. या तिन्ही तक्रारींवर सहसा एकच उत्तर मिळते : ‘हार्ड डिस्क गेली.’ १९८३ ते साधारण २००५ या काळातल्या संगणकांबाबत ते पुष्कळदा खोटे असते. डिस्क, कंट्रोलर (तिचे वाचन-लेखन चालवणारे सर्किट) आणि बायॉस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी, चिपमध्ये भरलेली प्रणाली) या तिघांचा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे, मोजण्याचा हिशेब जुळत नसतो, एवढेच. हिशेब कुठे चुकतो ते कळेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू नये. फॉरमॅट तर मारूच नये.

कार्डावरचा कंट्रोलर

१९८१च्या मूळ आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. मार्च १९८३मध्ये आलेल्या पीसी-एक्सटीत १० मेगाबाइटची डिस्क आणि तिच्यासाठी वेगळे कंट्रोलर कार्ड होते. कार्डापासून डिस्कपर्यंत दोन पट्ट्या जात : ३४ तारांची हुकमांची आणि २० तारांची डेटाची. ही डिस्क तशी बिनडोक. तिच्याकडे मोटर, हेड आणि सिग्नल वाढवणारा थोडा सरंजाम; तबकडीवरच्या चुंबकी खुणांचा अर्थ लावणे, त्यांचे सेक्टर पाडणे हे सारे कार्डाचे काम. त्यामुळे एका कंपनीच्या कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर बहुधा कोरीच दिसे. एमएफएम आणि आरएलएल या बिट चुंबकी खुणांत लिहिण्याच्या दोन पद्धती. एमएफएमचे कार्ड तबकडीवरच्या एका वर्तुळावर (ट्रॅकवर) १७ सेक्टर बसवी, आरएलएलचे २६. म्हणजे कार्ड बदलून तीच डिस्क दीडपट करता येई. अनेकांनी एमएफएमसाठी बनलेल्या डिस्कवर हा लोभ केला; काही दिवस काम चाले आणि मग सेक्टर खराब निघायला लागत. त्यापुढच्या ईएसडीआय जातीच्या डिस्कना ३४ आणि २० तारांचेच कनेक्टर होते, पण आतले सिग्नल वेगळे. कनेक्टर बसला म्हणजे जमले असे धरून चालणाऱ्यांना या डिस्कनी चांगला धडा शिकवला.

त्या काळच्या तंत्रज्ञांना ‘जी=सी८००:५’ ही अक्षरे पाठ असत. डॉसच्या डीबग आज्ञेत ती टंकली की पुष्कळ कार्डांच्या रॉममधला लो-लेव्हल फॉरमॅटचा, म्हणजे तबकडीवर सेक्टर नव्याने आखण्याचा, कार्यक्रम सुरू होई. नव्या जोडणीत तो आवश्यकच होता. जुना डेटा वाचायचा असेल तर मात्र या आज्ञेपासून लांब राहावे, आणि डिस्क काढायची तर तिच्या कार्डासकट काढावी. त्या दोघांची जोडी फोडली की डेटा हरवलाच म्हणायचा.

१९८४च्या पीसी-एटीत डिस्कची मापे बायॉसमधल्या तक्त्यात गेली. डिस्क ‘टाइप २’ की ‘टाइप ९’ एवढा क्रमांक सीमॉस स्मृतीत राही आणि ती स्मृती एका सेलवर जगे. सेल उतरला की क्रमांक पुसला जाई आणि चांगली डिस्क ‘कंट्रोलर फेल्युअर’चा संदेश देई. तक्त्यात न बसणाऱ्या डिस्कांसाठी पुढे बहुतेक बायॉसमध्ये ‘टाइप ४७’ आला. त्यात सिलिंडर (सगळ्या तबकड्यांवरचे एकाखाली एक येणारे ट्रॅक), हेड, सेक्टर यांचे आकडे हाताने भरायचे. सेल बदलण्याआधी हे आकडे कागदावर उतरवून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवण्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

आयडीई आणि केबलवरचे दोघे

१९८६च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या कामातून कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर गेला. हेच आयडीई. म्हणून ज्याला सर्रास ‘आयडीई कार्ड’ म्हणतात त्यावर खरे तर कंट्रोलर नसतोच. ते फक्त ४० तारांची पट्टी संगणकाच्या बसला जोडून देते. कंट्रोलर आणि डिस्क यांची जोडी कायमची जुळली, पण नवे भांडण उभे राहिले. एका केबलवर दोन डिस्क म्हणजे एकाच वाटेवर दोन कंट्रोलर. त्यांतला एक मास्टर ठरतो, दुसरा स्लेव्ह. स्लेव्ह आपण हजर आहोत, आपली चाचणी पार पडली, हे मास्टरला ठरावीक तारांवरून कळवतो. यासंबंधीचे एटीए मानक (आयडीईचेच अधिकृत रूप) १९९४मध्ये मंजूर झाले. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत थोडी निराळी. दोन कंपन्यांच्या डिस्क वेगवेगळ्या लावल्या तर चालतात आणि एकत्र लावल्या तर दोन्ही गायब होतात, ही त्या काळातली ठरलेली तक्रार. मास्टरला स्लेव्ह आणि स्लेव्हला मास्टर करून पाहिले की कधी कधी काम भागते. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कना ‘एकटी’ आणि ‘मास्टर’ यांसाठी जंपरची (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीची) वेगळी जागा होती. एकट्या डिस्कला मास्टरचा जंपर लावला तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट पाहत बसे.

सुट्या भागांतून जोडलेल्या असेंबल्ड संगणकांत असे प्रसंग जास्त येत. कंपनीच्या संगणकात डिस्क आणि मदरबोर्ड यांची जोडी कारखान्यातच तपासलेली असे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जोडलेल्या यंत्राची पहिली तपासणी ग्राहकाच्या टेबलावरच व्हायची.

केबलकडे लोक शेवटी पाहतात. खरे तर सुरुवात तिथून करावी. लाल कडेची तार पिन १ला, लांबी सुमारे ४६ सेंटिमीटरच्या आत, आणि डिस्क एकच असेल तर ती केबलच्या टोकाला. मधल्या कनेक्टरला डिस्क लावून टोक मोकळे लोंबत ठेवले तर सिग्नल त्या टोकावरून परत फिरतो. अल्ट्रा-डीएमए ६६ आणि त्यापुढच्या वेगांना ८० तारांची केबल लागते : निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, मधले करडे स्लेव्हला. साधी ४० तारांची केबल लावली तरी डिस्क चालते, फक्त संथ. विंडोज एक्सपीत खराब केबलचा त्रास वेगळ्याच रूपात दिसतो. वाचन-लेखनातल्या चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की विंडोज तो चॅनल (त्या केबलची वाट) डीएमएवरून, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट स्मृतीत नेणाऱ्या पद्धतीवरून, पायरी पायरीने खाली आणत अखेर पीआयओवर नेते. पीआयओत प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहावा लागतो, त्यामुळे फाइल कॉपी करताना माउसही अडखळतो. मालक व्हायरस शोधत बसतो. केबल बदलून डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल काढून टाकला आणि संगणक पुन्हा सुरू केला की वेग परत येतो.

क्षमतेच्या भिंती

सर्वांत जास्त गोंधळ आकड्यांचा. बायॉसच्या जुन्या डिस्क-सेवेत सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट. एटीएच्या नोंदवहीत, म्हणजे डिस्कच्या रजिस्टरांत, सिलिंडरसाठी १६, हेडसाठी ४, सेक्टरसाठी ८. दोन्ही याद्या स्वतंत्रपणे ऐसपैस आहेत, पण एकत्र वापरताना प्रत्येक रकान्यातला लहान आकडाच चालतो : १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणाकार १०,३२,१९२ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट धरून ५२,८४,८२,३०४ बाइट. १०२४ × १०२४ बाइटचा मेगाबाइट धरला तर हीच ती ५०४ मेगाबाइटची भिंत. दोन समित्यांनी एकमेकांना न विचारता फॉर्म छापले की काय होते, याचा याहून चोख नमुना सापडणे कठीण.

त्यावर उपाय म्हणून १९९४नंतरच्या बायॉसमध्ये ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ (सेक्टरांना सरळ अनुक्रमांक देणारी पद्धत) असे पर्याय आले. शेवटच्या दोघांत बायॉस खोटी मापे सांगतो : १६५४ सिलिंडर आणि १६ हेड असलेली डिस्क डॉसला ८२७ सिलिंडर आणि ३२ हेडची म्हणून दाखवतो. डिस्क ज्या पर्यायात फॉरमॅट झाली त्याच पर्यायात वाचायला हवी. अशी ८५० मेगाबाइटची डिस्क एलबीएवर भरून दुसऱ्या संगणकात ‘नॉर्मल’वर लावली तर मजेशीर गोष्ट होते. पहिले १००८ सेक्टर दोन्ही हिशेबांत एकाच जागी पडतात. पार्टिशन तक्ता, फॅट (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) आणि मुख्य डिरेक्टरी त्याच भागात असल्यामुळे ‘डीआयआर’ मारली की यादी नीटनेटकी दिसते. नावे, तारखा, आकार सगळे बरोबर. फाइल उघडायला गेले की मात्र चूक किंवा कचरा. इथे डिस्क तपासणाऱ्या ‘स्कॅनडिस्क’ आज्ञेला दुरुस्तीची परवानगी दिली की ती निरोगी यादीच मोडून ठेवते. बायॉसमधला पर्याय बदलला तर सगळा डेटा जसाच्या तसा परत दिसतो.

पुढच्या भिंती याच जातीच्या. ४०९६ सिलिंडरना अडखळणारे बायॉस २.१ गिगाबाइटला थांबत. जुन्या सेवेची स्वतःची कमाल सुमारे ८.४ गिगाबाइट. अवॉर्ड कंपनीचे काही बायॉस ३३.८ गिगाबाइटहून मोठी डिस्क लावली की तिची ओळख करून घेतानाच गोठत, कीबोर्डही हलत नसे. त्यासाठी डिस्क-उत्पादकांनी क्षमता मुद्दाम कमी दाखवणारा जंपर दिला होता. बायॉस बदलणे शक्य नसेल तर डिस्कच्या सुरुवातीला बसणारे ‘डिस्क मॅनेजर’ किंवा ‘ईझी-ड्राइव्ह’ यांसारखे ओव्हरले, म्हणजे बायॉसची उणीव भरून काढणारे छोटे कार्यक्रम, वापरत. ओव्हरले असलेली डिस्क फ्लॉपीवरून बूट करून तपासली तर ती रिकामी किंवा मोडलेली वाटते, कारण ओव्हरले चढलेलाच नसतो.

सर्वांत धोक्याची भिंत १३७ गिगाबाइटची. २८ बिटांच्या पत्त्यात १३,७४३ कोटींहून थोडे जास्त बाइट मावतात. ४८ बिटांची सोय नसलेल्या प्रणालीने त्यापलीकडे लिहिले तर वरचे बिट गळून पत्ता पुन्हा शून्याकडे जाऊ शकतो आणि नवा डेटा डिस्कच्या आरंभावर चढतो. विंडोज एक्सपीत ही सोय पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर आली. त्याआधीच्या सीडीवरून मोठी डिस्क लावू नये.

चिपमधले दोष

काही वेळा दोष खरोखरच कंट्रोलरचा असतो. १९९५च्या सुमारास अनेक पेंटियम मदरबोर्डांवर असलेल्या आरझेड-१००० आणि सीएमडी-६४० या आयडीई चिप, आगाऊ वाचन चालू असताना विशिष्ट परिस्थितीत, डेटातले बाइट बिघडवत. संदेश नाही, सूचना नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये या दोघींसाठी खास तोडगे घातले गेले. २००१मध्ये व्हिया कंपनीच्या ६८६बी चिपबाबत अशीच तक्रार गाजली, विशेषतः साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड असलेल्या संगणकांत. बायॉसच्या सुधारित आवृत्तीने तो दोष आटोक्यात आला. खात्रीसाठी मोठी फाइल एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी करून मूळ फाइलीशी बाइट-बाइट ताडून पाहावी. डॉसची ‘एफसी’ आज्ञा ‘/बी’ लावून चालवली की पुरते.

साटा

२००३पासून पसरलेल्या साटा या नव्या जोडणीने मास्टर-स्लेव्हचे जंपर आणि रुंद पट्ट्या घालवल्या, पण विसंगती राहिली. व्हियाच्या व्हीटी-८२३७ या चिपला ३ गिगाबिट वेगाची डिस्क ओळखता येत नाही. डिस्कच्या पाठीवरचा १.५ गिगाबिटचा जंपर लावला की ती लगेच दिसते. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा (साटा कंट्रोलरशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा) ड्रायव्हर नसतो, म्हणून स्थापनेच्या वेळी एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागतो, नाही तर बायॉसमध्ये आयडीई पर्याय ठेवावा. आयडीईत बसवलेली एक्सपी नंतर एएचसीआयवर टाकली तर शेवटी ७बी असलेल्या चुकीचा निळा पडदा येतो. पर्याय पूर्ववत केला की यंत्र पुन्हा सुरू होते.

आजचे उपाय

जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कारखान्यातल्या) यंत्रांना किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणांना जोडलेले डॉसचे संगणक अजून चालवावे लागतात. तिथे फिरणाऱ्या डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका साध्या जोडणीने आयडीई केबलला लावतात. कार्डाला आयडीईची भाषा मुळातच येते. बायॉस फारच जुना असेल तर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायॉस ही मुक्त प्रणाली इप्रॉममध्ये (पुन्हा भरता येणाऱ्या स्मृतिचिपमध्ये) भरून तो इप्रॉम जुन्या नेटवर्क कार्डावरच्या रिकाम्या बूट-रॉम खाचेत बसवतात. संगणक सुरू होताना ती खाच वाचली जाते आणि १९८०च्या दशकातल्या एटीलाही अनेक गिगाबाइटचे कार्ड दिसू लागते. त्या नेटवर्क कार्डाला केबल जोडलेली नसली तरी चालते.