कोकीळकुलातलं अंडपरजीवित्व आणि आवाज

कोकीळकुलात साधारण 150 जाती धरतात, पण त्या सगळ्याच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात असं नाही, भारद्वाज याच कुलातला आणि तो घरटं बांधून पिल्लं स्वतः वाढवतो. परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या, जाती साठच्या आसपास आहेत. ही सवय कुलात तीनदा स्वतंत्रपणे आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृतात कोकीळ म्हणजे ‘परभृत’ आणि कावळा म्हणजे ‘परभृत्’, एक पोसला जाणारा आणि दुसरा पोसणारा, फरक फक्त शेवटच्या हलन्ताचा, म्हणजे हे निरीक्षण बरंच जुनं आहे.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो युरोप-आशियातल्या कक्कूचा. मादी यजमानाचं, म्हणजे ज्याच्या घरट्यात ती शिरते त्या पक्ष्याचं, एक अंडं उचलते आणि जेमतेम 10 सेकंदांत आपलं घालून निघून जाते. ती अंडं चोचीतून आणून ठेवते असं पूर्वी बरेच जण म्हणायचे, पण 1920च्या सुमारास एडगर चान्सनं इंग्लंडमध्ये चित्रीकरण केलं आणि ती थेट घरट्यातच अंडं घालते हे दिसलं. अंडं तिच्या पोटात जवळपास एक दिवस जास्त राहतं, त्यामुळे गर्भ आधीच थोडा वाढलेला असतो आणि पिल्लू बहुतेकदा यजमानाच्या पिल्लांआधी बाहेर येतं. मग ते आंधळं, उघडं पिल्लू पाठीवरच्या खळग्यात एकेक अंडं घेऊन घरट्याबाहेर लोटतं. हे नीट लिहिलं एडवर्ड जेन्नरनं 1788 मध्ये, तोच पुढे देवीच्या लसीमुळे नावाजलेला.

खरा वाद आहे अंड्याच्या रंगाचा. कक्कूच्या एकाच जातीत माद्यांचे वेगवेगळे वंश असतात, प्रत्येक वंशाचा ठरलेला यजमान आणि त्याच्यासारखं दिसणारं अंडं, पण नर कुठल्याही वंशातल्या मादीशी जुळतो, मग मुलींमध्ये ती नक्कल टिकते कशी? पक्ष्यांत डब्ल्यू गुणसूत्र फक्त मादीकडे असतं आणि ते आईकडूनच मुलीला मिळतं, म्हणून रंग त्यावरून ठरत असावा, ही कल्पना जुनीच. 2000 साली आलेल्या डीएनए अभ्यासात वंशांमधला फरक आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएत दिसला, बाकीच्या डीएनएत तसा दिसला नाही. निळ्या अंड्यांपुरतं हे मत पटण्यासारखं आहे, बाकी रंगांना तेवढंच कारण पुरेल असं वाटत नाही.

आपल्या कोकीळचं जरा वेगळं. यजमान मुख्यतः कावळा, एका घरट्यात कोकीळची एकाहून जास्त अंडीही सापडतात, आणि पिल्लू सहसा कावळ्याची अंडी ढकलत नाही, आधी बाहेर येऊन अन्नात पुढे राहतं. पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यात घालतात, दोघांचीही अंडी निळी.

आवाज उपजत असतो, कारण पिल्लू वाढतं परक्यांत आणि मोठं झाल्यावर ओरडतं स्वतःच्याच जातीसारखं. ‘कुऊ-कुऊ’ चढत जाणारी साद नराची, ‘कोकिळा गाते’ हे बोलण्यातच बरोबर, मादी नुसतं ‘किक्-किक्-किक्’ करते. पावशाची ‘पेरते व्हा’ एकेका सुरानं चढते आणि मध्येच तुटते. कक्कूचं ‘कक्कू’ही नराचंच. मादीचा खळखळता आवाज मात्र शिकारी ससाण्याच्या आवाजाजवळ जातो, 2017च्या प्रयोगात तो ऐकून रीड वार्बलर हे कक्कूचे यजमान पक्षी सावध झाले आणि घरट्यातलं परकं अंडं काढून टाकण्याचं प्रमाण घटलं. कक्कूचं पिल्लूही एकटंच अख्ख्या घरट्यातल्या पिल्लांएवढं भराभर ओरडतं, म्हणून यजमान त्याला तेवढं भरवतात.