कामठी : नागपूरजवळची, पण नागपूरची नसलेली

नागपुरात नव्याने राहायला आलेल्याला कामठी म्हणजे शहराचंच एक टोक वाटतं. इंदोरा ओलांडलं, ऑटोमोटिव्ह चौक मागे पडला, की दुकानं, गोदामं आणि लग्नाच्या लॉनची रांग कुठे तुटतच नाही. कामठी कधी लागली ते पाट्या वाचल्याशिवाय कळत नाही. दोन्ही गावांत जेमतेम १६ किलोमीटरचं अंतर. तरीही कामठी नागपूर पसरता पसरता तयार झालेली नाही. इंग्रजांना नागपूरवर नजर ठेवता यावी म्हणून ती लष्करी छावणी म्हणून अंतर राखून वसवली गेली. त्यामुळे तिथली वस्तीही नागपुरातून न जाता फार लांबून आली. कामठी हे नदीतलं बेट नव्हे, पण विदर्भाच्या लोकसंख्येच्या नकाशावर तिच्याइतकं वेगळं उठून दिसणारं बेट जवळपास दुसरं नाही.

आधी जमीन पाहू. सातपुड्यात छिंदवाड्याकडे उगम पावलेली कन्हान दक्षिणेला उतरते आणि कामठीच्या थोडं वर, बिना संगमाच्या परिसरात, तिला पेंच आणि कोलार मिळतात. तीन नद्यांचं पाणी एकत्र झालं की लगेच खाली, उजव्या काठावर, कामठी. पलीकडच्या काठाला कन्हान हे गाव. पुढे नागपूरचं सांडपाणी घेऊन आलेली नाग नदीही पिवळी नदीला मिळून कन्हानमध्येच उतरते, पण ती कामठीच्या खालच्या अंगाला. म्हणजे कामठीच्या वाट्याला पाणी भरपूर आलं, आणि नागपूरच्या घाणीच्या वरच्या बाजूचं आलं. नागपूरकरांच्या नळालाही कन्हानचं पाणी येतं, हे अनेकांना टंचाईच्या दिवसांतच आठवतं.

जमिनीखालचा हिशेब तर याहून जुना. नागपूरच्या पश्चिमेला काळा कातळ, दख्खनच्या लाव्ह्याचा. कामठीकडे मात्र वालुकाश्म लागतो, लालसर, पिवळट, बोटाने घासला तर रेतीचे कण सुटतील असा. भूगर्भशास्त्रात या थरांचं नावच मुळी ‘कामठी’ आहे. गोंडवन काळातले हे थर सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांत ग्लोसोप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. नागपुरात १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही शहरात आहे, त्यांनी धर्मप्रचारातून वेळ काढून या भागातले जीवाश्म गोळा केले. कामठी आणि सिलेवाड्याच्या खाणींतला दगड बांधकामाला वापरला गेला, आणि त्याच गोंडवन थरांतल्या कोळशाने विसाव्या शतकात कन्हान-कामठी पट्ट्याला नवा धंदा दिला. कोराडीचं वीजकेंद्र इथे उभं आहे ते उगाच नाही. कोळसा पायाखाली, पाणी शेजारी.

पण १८२१ साली छावणीसाठी जागा पाहणाऱ्यांना कोळशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सीताबर्डी होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची गाठ पडली. २६ आणि २७ तारखेची ती लढाई इंग्रजांनी जिंकली खरी, पण आपली लहानशी फौज शहराच्या तोंडाशी किती सहज कोंडीत सापडू शकते हेही त्यांना कळलं. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना गादीवरून काढलं, अल्पवयीन तिसऱ्या रघुजींना बसवलं आणि पुढची काही वर्षं कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्सच्या हाती राहिला. दरबारावर वचक तर हवा, पण फौज शहराच्या गर्दीत नको. एका रात्रीत चालत नागपूर गाठता येईल इतकी ती जवळ असावी, आणि बाजारातली अफवा, रोगराई किंवा फितुरी सहज पोहोचणार नाही इतकी दूर. शिवाय माणसं, घोडे, बैल यांना बारमाही पाणी. हा सगळा हिशेब कन्हानच्या काठावर जमत होता. नदीकाठाने लांबट पसरलेली छावणी आणि तिच्या अंगाला रुंद, सरळ रस्त्यांचा बाजार, अशी कामठी आखली गेली. जुन्या नागपुरातल्या महाल-इतवारीची बोळं पाहून आलेल्याला ती आखणी आजही जाणवते.

अंतराचा हा हिशेब किती चोख होता हे १८५७ मध्ये दिसलं. जूनमध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या घोडदळात उठावाची तयारी झाली, आणि ती मोडायला जी फौज आणली गेली ती कामठीचीच. ही फौज मद्रास लष्करातली होती. उत्तरेतल्या पलटणींशी तिची भाषा जुळत नव्हती, नातंही नव्हतं.

कामठीच्या लोकसंख्येचा पहिला थर हाच. मद्रासच्या पलटणी आल्या त्यांच्यासोबत तमिळ आणि तेलुगू बोलणारी माणसं आली. पलटण म्हणजे फक्त बंदुका नव्हेत; त्यामागे कंत्राटदार, कारकून, आचारी, धोबी, शिंपी, खाटीक, गवत कापणारे, आणि या सगळ्यांची कुटुंबं. नागपूरच्या भोसल्यांच्या राजधानीत ज्या भाषा कानावर पडत नव्हत्या त्या इथे बाजारात बोलल्या जाऊ लागल्या. मुदलियार, पिल्ले ही आडनावं कामठीत कशी, याचं उत्तर इथे आहे. आणि पगारी फौज जिथे दर महिन्याला रोख पैसा खर्च करते तिथे सावकार येणारच. बिकानेरकडची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी कामठीत स्थिरावली आणि मध्य प्रांतातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांमध्ये गणली गेली. नागपुरातल्या कस्तुरचंद पार्कवर सभा ऐकायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ज्यांच्या नावाने ते मैदान आहे ते सर कस्तुरचंद डागा कामठीचे पेढीवाले होते. धान्य, मीठ, कापड, गुरं या सगळ्याचा व्यापार तेव्हा कामठीत चाले. दाल ओळी, लाला ओळी, मोदी पडाव ही मोहल्ल्यांची नावं त्या व्यापाराची आहेत.

दुसरा मोठा थर विणकरांचा. अवध आणि पूर्व उत्तर प्रदेशातले मोमीन, म्हणजे अन्सारी, विणकर एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडे सरकत आले. गिरणीच्या कापडाने धंदा बसत चालला होता, १८५७ नंतर तिकडची दडपशाही आणि नंतरचे दुष्काळ. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, नागपुरातलं मोमिनपुरा आणि कामठी हे सगळे एकाच स्थलांतराचे मुक्काम. कामठीतला त्यांचा माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर काठाशी बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, आणि धोटा या हातून त्या हाती जातो. या खड्ड्याला कारण आहे. विदर्भाच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते, की ताण्याचं सूत कडक होऊन तटातटा तुटतं. जमिनीलगतची ओल त्याला थोडी नरमाई देते. उन्हाळ्यात पहाटेच माग सुरू करून दुपारी बंद ठेवण्यामागेही हेच. पुढे पॉवरलूम आले, हातमाग मोजके उरले, पण वारीसपुरा, इस्माईलपुरा, बुनकर कॉलनी या वस्त्या आणि त्यांतली उर्दू राहिली. उर्दू माध्यमाच्या शाळा आणि मुशायऱ्यांमुळे कामठीची ओळख नागपूरपेक्षा वेगळीच घडली.

आता आकडे. १८८१ च्या जनगणनेत कामठीची लोकसंख्या छावणीसकट ५०,९८७ होती. त्याच वर्षी नागपूर शहर ९८ हजारांच्या आसपास. म्हणजे दोन नागपूरकरांमागे एक कामठीकर! आज हे कुणाला सांगितलं तर थट्टा वाटेल. वीस वर्षांनी, १९०१ मध्ये, नागपूर १,२७,७३४ वर पोहोचलं आणि कामठी ३८,८८८ वर घसरली. दुष्काळ तर दोघांनीही सोसले होते, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. तरी एक वाढलं आणि दुसरीची जवळजवळ चौथाई वस्ती गळाली.

माझ्या मते दोष रेल्वेचा, आणि तोही उशिरा दिसलेला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि तिथेच थांबली. सातपुड्याकडून आणि छत्तीसगडकडून बैलगाड्यांनी येणारा माल आधी कामठीच्या बाजारात उतरत असे. आता रेल्वेचं शेवटचं स्टेशन जिथे, तिथे तो जाऊ लागला. पुढे १८८० च्या सुमारास लोहमार्ग राजनांदगावच्या दिशेने निघाला तेव्हा कामठीलाही स्टेशन मिळालं, पण वाटेवरचं. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारांचा ओघही तिकडे लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छावणीतली फौजही कमी केली गेली. एका सरकारी निर्णयाने वसलेल्या गावाचा निम्मा आधार दुसऱ्या सरकारी निर्णयाने गेला. धोबी, शिंपी, कंत्राटदार यांचं काय झालं याची नोंद कुणी ठेवत नाही. ती लोकसंख्येच्या त्या घसरत्या आकड्यातच वाचायची.

उरलेल्यांना सावरलं ते बीडीने. भंडारा-गोंदियाच्या जंगलातलं तेंदूपान, बाहेरून आणलेली तंबाखू आणि घरबसल्या बायकांची बोटं, एवढ्यावर हा धंदा चाले. पान भिजवायचं, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं आणि टोक दुमडून दोरा बांधायचा. मजुरी हजारावर ठरे, आणि ‘खराब’ म्हणून बीड्या बाद करण्याचा हक्क मालकाचा. या मजुरांना संघटित करणारे हरदास लक्ष्मण नगराळे, बाबू हरदास, कामठीचेच. जन्म १९०४ चा. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले. ‘जय भीम’ या अभिवादनाचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर कामठीतली मोठी वस्ती बौद्ध झाली. १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार पाहायला बाहेरगावचे लोक येतात, पण त्यामागे कामठीची ही जुनी चळवळ आहे हे तिथल्या गर्दीत सेल्फी काढताना कळायचं नाही.

छावणी मात्र गेली नाही. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर कामठीत आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमीही. लष्कराच्या जमिनीवर बांधकाम होत नाही, त्यामुळे गाव त्या बाजूला हलू शकत नाही. नदीच्या बाजूला नदी. मग उरला नागपूरचा आणि आसपासच्या खेड्यांचा रस्ता. कामठीची वाढ म्हणूनच येरखेडा आणि रनाळ्यात जाऊन बसली. तिथे राहणारा स्वतःला कामठीकरच म्हणतो, पण जनगणनेत तो कामठी नगर परिषदेत मोजला जात नाही. छावणीचा हिशेब कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, तो वेगळाच. म्हणून २०११ च्या जनगणनेत नगर परिषदेच्या हद्दीतले ऐंशी हजारांच्या वरचे लोक आणि १८८१ चे ५०,९८७ यांची थेट तुलना करू नये. हद्द निराळी, मोजणी निराळी. तरीही नागपूर तोवर २४ लाखांवर गेलं होतं, हे लक्षात घेतलं तर तराजू कुठे झुकला ते दिसतं.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीमार्गे कन्हानपर्यंतची मार्गिका मंजूर आहे. दरम्यान २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कामठीची माणसं किती हे सांगताना अजून २०११ चाच आकडा पुढे करावा लागतो, येरखेडा-रनाळा वगळून.