फायटॉफ्थोरा: तोडायचा कुठे, जोर द्यायचा कुठे?

बटाट्याचा उशिरा येणारा करपा आणि लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या ओळखायला कुणाला अडचण येत नाही. त्यांना कारणीभूत असलेल्या सूक्ष्मजीवांच्या वंशाचे (जीनसचे) नाव घेताना मात्र भलेभले अडखळतात. फायटोप्थोरा, फायटोफ्थोरा, फायटॉफ्थोरा, सगळेच ऐकू येते.

करप्याच्या या जीवाला १८४५ साली, आयर्लंडमधला दुष्काळ सुरू झाला त्याच वर्षी, जे नाव मिळाले ते भलत्याच वंशाचे होते. १८७६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र वंश काढला गेला. ‘वनस्पती’ आणि ‘नाश’ अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यासाठी जोडले, आणि घोळ नेमका त्या सांध्यावर आहे.

व्युत्पत्ती पाहणारा ‘फायटो-फ्थोरा’ असा तोडतो. कानाने चालणारा ‘फाय-टॉफ्-थो-रा’. इंग्रजी छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडताना ब्रिटिश परंपरेचा कल पहिल्याकडे, तर अमेरिकी कोशांचा दुसऱ्याकडे. जुन्या ग्रीक नियमाने तर ‘फ्थ’ फोडायचाच नाही, कारण शब्दाची सुरुवात त्या जोडाक्षराने होऊ शकते. छपाईसाठी पहिली तोड ठीक. बोलताना ती आग्रहाने पाळणे म्हणजे निव्वळ पंडिती हट्ट.

आघाताचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. शास्त्रीय नाव लॅटिन मानले जाते, आणि लॅटिनमध्ये शेवटून दुसरे अक्षर ऱ्हस्व असेल तर जोर त्याच्या आधीच्या अक्षरावर जातो. ‘थो’मधला ओ मूळ ग्रीकमध्ये ऱ्हस्वच आहे. म्हणजे जोर ‘टॉफ्’वर. देवनागरीतला ‘थो’ डोळ्यांना दीर्घ दिसतो, म्हणून आपण नेमके तेच अक्षर ताणतो.

‘प्थ’ आला तो इंग्रजीच्या वाटेने. ‘डिफ्थेरिया’चा ‘डिप्थेरिया’ झाला तसाच. प्राचीन ग्रीकमधले हे दोन्ही वर्ण महाप्राण होते, आपल्या फ आणि थसारखे. ते घर्षक, म्हणजे इंग्रजी f आणि thसारखे हवा घासत निघणारे, झाले नंतरच्या शतकांत. तेव्हा ‘फ्थ’ लिहिण्यात काही कृत्रिम नाही.

अलीकडे खुद्द जीवाचीच जात बदलली. रेणवीय पुराव्यांनी तो खऱ्या बुरशींतून बाहेर काढला गेला आणि तपकिरी शैवालांच्या नातेवाइकांत जाऊन बसला. नाव तेच राहिले. शास्त्रीय नावांचे नियम घालून देणारी नामकरणाची संहिता त्याचे स्पेलिंग बांधून देते, उच्चाराबद्दल अवाक्षर काढत नाही.