वही मिटल्यावर होणारा अभ्यास

परीक्षा संपल्या की सांगली-मिरज रस्त्यावर फ्लेक्स झळकू लागतात: बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल ओळखा. ठसे आईच्या पोटातच पक्के होतात, आणि मूल शाळेत काय नि कसं शिकेल याचा त्यांच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. दाभोलकरांचा सातारा शेजारीच असताना पालक यासाठी हजारो रुपये मोजतात. शिकण्याबद्दल मानसशास्त्राला जे खरोखर ठाऊक आहे, ते मात्र फुकट असूनही वर्गात पोचत नाही.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. लिहिलेलं कुणी तपासूनही दिलं नाही. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

असं का होतं? सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद पोत्यांनी असायची, पण ती बाहेर काढणं हे वेगळंच काम. स्मृतीचंही तसंच. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी साठवणीचं बळ (गोष्ट किती घट्ट बसलीय) आणि आठवण्याचं बळ (ती आत्ता किती सहज आठवते) असे दोन भाग मानले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येतोय असा भास होतो. आठवताना मात्र खूण (ज्यावरून आठवतं ती गोष्ट) आणि उत्तर यांच्यातली वाट वापरली जाते आणि पक्की होते. थोडं विसरल्यावर, म्हणजे आठवण्याचं बळ उतरल्यावर, कष्टानं आठवलं तर साठवण जास्त वाढते. म्हणूनच आज शिकवलेलं आजच विचारण्यापेक्षा चार दिवसांनी विचारलेलं बरं.

पाढ्यांत हे लख्ख दिसतं. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मध्येच 'सात अठ्ठे?' विचारा. ते ओठातल्या ओठात 'सात एके सात, सात दुणे चौदा' करत निघतं, कारण त्याच्या डोक्यात छप्पन्नची खूण आठ नसून एकोणपन्नास आहे. पाढा पाठ असतो, गुणाकार येत नसतो. पाढे म्हणून घेऊ नयेत असं नाही, पण नंतर उलटसुलट विचारायलाच हवेत.

वर्गात प्रश्न विचारले तर तेच चार हात वर होतात, म्हणजे आठवण्याचा व्यायामही त्याच चौघांना. यावर जुनी पाटी हा झकास उपाय आहे. तास सुरू होताना मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, एकदम वर धरायचं. गुण द्यायचे नाहीत, नाहीतर पोरं शेजारच्या पाटीत डोकावतात. बरोबर उत्तर मात्र लगेच सांगायचं. चुकीचं आठवलेलंही तसंच घट्ट बसू शकतं.